युद्धात गेलेला वैमानिक आणि जिमखान्यातली पाटी

मुंबईतल्या जुन्या कॉलेजांच्या जिमखान्यात लाकडी फलक असतात. गडद पॉलिश, सोनेरी अक्षरं, वर्ष, शर्यत, नाव. त्यातला एखादा मुलगा पुढे वैमानिक झाला आणि १९६५ ला किंवा १९७१ ला परत आला नाही, हे कॉलेजात कुणाला तरी अर्धवट ठाऊक असतं. मग सुवर्णमहोत्सव किंवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा येतो, त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरतं आणि पंधरा दिवसांत सगळं उरकतं. अशा घाईच्या पाटीवर हुद्दा चुकतो, तारीख चुकते, विमान चुकतं, आणि मैदानावरची त्याची चार वर्षं 'उत्कृष्ट क्रीडापटू' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळली जातात. हे मला फार लागतं. ज्याने ४४० यार्ड ठराविक सेकंदांत पळून दाखवले, त्याच्या नावापुढे ते सेकंद लिहिलेले असले पाहिजेत. ते सापडतात. शोधाला तीन-चार महिने द्यायची तयारी मात्र हवी.

सुरुवात दलापासून करावी. 'एअरफोर्समध्ये होता' हे घरच्यांचं किंवा मित्रांचं वाक्य तपासल्याशिवाय धरू नये. मुंबई नौदलाचं शहर आहे, आणि नौदलालाही स्वतःचे वैमानिक आहेत. १९७१ ला विक्रांत या विमानवाहू जहाजावर सी हॉक आणि अलिझे विमानं होती. १० डिसेंबर १९७१ ला पश्चिमेकडे आपलं एक अलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं, त्यात तिघे होते. नौदलातल्या वैमानिकाचा हुद्दा लेफ्टनंट किंवा लेफ्टनंट कमांडर असा असतो. त्याला 'फ्लाइट लेफ्टनंट' लिहिलं की पाटी पहिल्याच ओळीत खोटी पडते. लष्करातही वैमानिक होते. आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला वेगळी झाली. त्याआधी तोफखान्याचे अधिकारी ऑस्टर आणि कृषक ही छोटी विमानं निरीक्षणासाठी उडवत. त्यांचे हुद्दे कॅप्टन, मेजर असेच. आणि कॅनबेरासारख्या बॉम्बफेकी विमानात वैमानिक आणि त्याला मार्ग दाखवणारा नॅव्हिगेटर असे दोघे असत. नॅव्हिगेटरला वैमानिक लिहिल्याने त्याचा मान वाढत नाही. त्याचं काम वेगळं होतं, तेच लिहावं.

हवाई दलातला असेल तर सेवा क्रमांक मिळवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. नाव दोघांचं सारखं असू शकतं, क्रमांक नाही. क्रमांकाच्या शेवटी शाखा असते: वैमानिकांसाठी 'एफ (पी)' म्हणजे फ्लाइंग (पायलट), जुन्या कागदांत 'जीडी (पी)' म्हणजे जनरल ड्यूटीज (पायलट). श्रीनगरवर १४ डिसेंबर १९७१ ला नॅट या लढाऊ विमानातून लढताना गेलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, हवाई दलाचे एकमेव परमवीर, यांचा क्रमांक १०८७७ एफ (पी). एकदा क्रमांक हातात आला की राजपत्र, युद्धस्मारकाची यादी आणि घरातली कागदपत्रं एकमेकांशी जुळवता येतात. 'भारत-रक्षक' या संकेतस्थळावर हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची यादी सेवा क्रमांक आणि कमिशनच्या तारखेसह आहे. अभ्यासकांनी स्वेच्छेने केलेलं काम आहे ते. सुरुवात तिथून करावी, पण अंतिम पुरावा मूळ कागदाचाच मानावा.

राजपत्रात कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून इथे नोंदवतो. अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या भारताच्या राजपत्रात भाग १, विभाग ४ मध्ये असतात. शौर्यपदकं राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेत, भाग १, विभाग १ मध्ये. पदकाच्या अधिसूचनेत बहुतेक वेळा हुद्दा, क्रमांक आणि प्रसंगाचं वर्णन असतं. वर्तमानपत्रातला हुद्दा आणि राजपत्रातला हुद्दा यांत फरक दिसला तर राजपत्र धरावं. बढती मंजूर होऊन तिचा कागद मागाहून निघालेला असू शकतो. अशा वेळी पाटीवर एकच हुद्दा लिहायचा आणि दोन्ही नोंदी कॉलेजच्या फायलीत लावून ठेवायच्या.

नावाच्या इंग्रजी स्पेलिंगने फार माणसं हरवतात. १९७१ च्या बेपत्ता जवानांच्या यादीतले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं आडनाव कागदोपत्री टी-ए-एम-बी-ए-वाय असं आहे. शेवटी नुसता 'ई' लावून शोधलं तर ते सापडणार नाहीत. पहिल्या महायुद्धातले मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर यांचं नाव नोंदींत श्री, कृष्ण आणि चुंदा असं तीन तुकड्यांत आहे, त्यामुळे आद्याक्षरं 'एस. सी.' किंवा 'एस. के. सी.' अशी कशीही पडतात. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा मुंबईकर ब्रिटिश हवाई दलाच्या २३ स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवायचा. २७ जून १९१८ ला गस्तीवरून परतला नाही, ३० जूनला जखमांनी गेला. कबर फ्रान्समध्ये, सोम भागातल्या हँगार्डला आहे. त्याच्या नावापुढे कुठे २७ जून दिसते, कुठे ३०. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. एक शेवटच्या उड्डाणाची, दुसरी मृत्यूची. पाटीवर त्या तशाच वेगवेगळ्या लिहाव्यात. १९७१ च्या बेपत्ता वैमानिकांच्या बाबतीत तर हे आणखी सांभाळावं लागतं. 'अमुक दिवशीच्या मोहिमेवरून परतले नाहीत' एवढंच लिहावं. बेपत्ता जवानांच्या यादीतल्या ५४ जणांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं उत्तर मागितलं आहे. विजय तांबे यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी हा पाठपुरावा दशकानुदशकं केला. ज्या माणसाबद्दल सरकारदरबारी अंतिम शब्द नाही, त्याच्याबद्दल तो शब्द कॉलेजने दगडात कोरू नये.

आता स्मारकांच्या याद्या. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक बघावं. इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ ला ते उघडलं. त्यातल्या त्याग चक्रात १६ भिंती आहेत, आणि प्रत्येकाच्या नावाची ग्रॅनाइटची वीट आहे. सुरुवातीला २५,९४२ नावं होती. नाव ऑनलाइन शोधता येतं. दुसऱ्या महायुद्धासाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेले आणि कबर न सापडलेले आपले वैमानिक सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. तिथे २४,००० हून अधिक नावं आहेत. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये जे स्मारक आहे ते खलाशांचं. तिथे वैमानिक शोधून वेळ घालवू नये. राज्याच्या पातळीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. कुटुंबाचा सध्याचा पत्ता ते परस्पर देणार नाहीत, आणि देऊही नये, पण तुमचं पत्र पुढे पोचवण्याची विनंती करता येते.

कॉलेजच्या दंतकथा तपासायला एक सोपी चाळणी आहे: विमान आणि वर्ष जुळतं का ते बघायचं. मिग-२१ आपल्याकडे १९६३ ला आलं आणि १९६२ ला लढाऊ विमानांनी हल्ले केलेच नाहीत, त्यामुळे 'चीनच्या युद्धात मिगमधून बॉम्ब टाकताना' ही गोष्ट घडलेली असू शकत नाही. त्या युद्धात गेलेले वैमानिक मालवाहू विमानांचे आणि हेलिकॉप्टरांचे होते; उंच डोंगरात रसद पोचवणारे. त्यांच्या नावापुढे काल्पनिक मिग लावणं म्हणजे त्यांनी केलेलं खरं काम पुसणं. सुखोई-७ दलात १९६८ ला आलं, म्हणजे १९६५ च्या कुठल्याही गोष्टीत ते नको. हंटर आणि मिस्टेर १९५७ पासून होते. जग्वार १९७९ ला, मिराज २००० हे १९८५ ला. तारखाही बघाव्यात: १९६५ ला हवाई दल १ सप्टेंबरच्या संध्याकाळी लढाईत उतरलं आणि २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली, १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पेटलं, कारगिलमध्ये हवाई मोहीम २६ मे १९९९ ला सुरू झाली. या चौकटीबाहेरची तारीख आली तर ती अपघाताची असण्याची शक्यता मोठी.

आणि अपघाताची असली तर तसं लिहावं. सरावात गेलेल्या वैमानिकाला 'शत्रूशी झुंजताना' असं लिहायचा मोह होतो, कारण कॉलेजला वाटतं की त्याशिवाय पाटी शोभणार नाही. सैन्यातही बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली हानी) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात वगैरेंतली हानी) अशा वेगळ्या नोंदी असतात. जगातले दोन फार मोठे कॉलेज खेळाडू-वैमानिक सराव उड्डाणातच गेले. आयोवा विद्यापीठाचा नाइल किनिक, अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या हाइझमन पुरस्काराचा १९३९ चा विजेता, २ जून १९४३ ला लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावरून सरावाला उडाला, इंजिनातलं तेल गळलं आणि विमान समुद्रात उतरवावं लागलं. तो सापडला नाही. १९७२ पासून विद्यापीठाच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. ऑक्सफर्डचा अलेक्झांडर ओबोलेन्स्की, ज्याने ४ जानेवारी १९३६ ला रग्बीत न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडसाठी दोन ट्राय (रग्बीतले गोल) केल्या, तो २९ मार्च १९४० ला हरिकेन उतरवताना गेला. दोघांच्याही स्मृतीला खोट्या लढाईची गरज पडली नाही.

'त्याने उडी का मारली नाही?' हा प्रश्न कार्यक्रमात विद्यार्थी हमखास विचारतात, आणि उत्तर द्यायला मंचावर कुणी नसतं. तेव्हा ते आधीच माहीत करून घ्यावं. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूजवळच्या छांबवर गेलेल्या एका आसनाच्या व्हॅम्पायरमध्ये इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारं आसन, नव्हतीच. त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. नंतरच्या विमानांत सीट होती, पण त्या काळातल्या सीटला पॅराशूट उघडायला उंची लागे, आणि जमिनीवरच्या लक्ष्यावर हल्ला करणारं विमान झाडांच्या थोडं वरून जात असतं. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. ज्या ट्रॅकवर हा मुलगा पळायचा त्याची अर्ध्याहून जास्त फेरी एका सेकंदात. गोळा लागला, झटका बसला, विमान कुठे वळतंय ते कळलं, हात हँडलकडे गेला, एवढ्यात दोन-तीन सेकंद जातात. तेवढी उंची नसते. मुलांना हे असं सांगितलं की समजतं. 'विमान वाचवण्यासाठी प्राण दिले' असं पुरावा नसताना सांगू नये.

पदकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवून पाटीवर खाली आठ-दहा सेंटिमीटर जागा कोरी सोडावी. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा या हवाई तळावरच्या हल्ल्यातून मिस्टेरसह परतले नाहीत. त्यांनी एक स्टारफायटर पाडलं होतं हे आपल्याकडे कुणाला माहीत नव्हतं. १९७९ ला एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून ते पुढे आलं आणि महावीर चक्र जाहीर झालं १९८८ ला. तेवीस वर्षांनी. तेव्हा नोंद बदलू शकते, आणि बदलली तर पाटी उखडावी लागू नये.

खेळाची नोंद

इथे मात्र घाई अजिबात करू नये, कारण युद्धाची नोंद दिल्लीत कुणीतरी ठेवलेली असते; खेळाची नोंद कॉलेजशिवाय कुणाकडेच नसते.

पहिला स्रोत कॉलेजचा वार्षिक अंक. जिमखान्याचा अहवाल शेवटच्या पानांत, बारीक टायपात असतो. वार्षिक अंक शैक्षणिक वर्षाचा असतो, म्हणून '१९६३-६४' मधली शर्यत बहुधा डिसेंबर १९६३ किंवा जानेवारी १९६४ ची. महिना वर्तमानपत्रावरून पक्का करावा. लोकसत्ता १९४८ ला, मराठा १९५६ ला, महाराष्ट्र टाइम्स १९६२ ला सुरू झाला. आंतरमहाविद्यालयीन निकाल तेव्हा क्रीडापानावर दोन-तीन इंचांत येत, फक्त आडनाव आणि कॉलेजचं नाव घालून. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक ही दोन ठिकाणं आधी गाठावीत. तारखा आधी ठरवून जावं. 'साठच्या दशकातले सगळे अंक' असं मागितलं तर ग्रंथपाल काय करणार?

दुसरा स्रोत प्रमाणपत्रं आणि ब्लेझर. तीन पातळ्यांची नेहमी गल्लत होते: कॉलेजचं वार्षिक संमेलन, विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. 'विद्यापीठ चॅम्पियन' म्हणजे यातली दुसरी. विद्यापीठाच्या संघातून तिसरी पातळी खेळलेल्याला कलर (संघात खेळल्याचा विद्यापीठाचा मान) मिळाला असेल. ब्लेझरच्या खिशावरचा बिल्ला आणि त्याखाली भरतकामातलं वर्ष बघावं. शिवाय अनेक मुलं इंटर सायन्सनंतर खडकवासल्याच्या एनडीएला किंवा थेट हवाई दलाच्या निवडीतून गेली. त्यांनी पदवी घेतलीच नाही. पदवीधरांच्या यादीत नाव नाही म्हणून 'तो आपल्या कॉलेजचा नव्हता' असं म्हणू नये. प्रवेशाचं रजिस्टर काढायला सांगावं.

तिसरी बाब वेळेची. जुन्या शर्यती यार्डांत होत: १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, २२० म्हणजे २०१.१७, ४४० म्हणजे ४०२.३४. त्यामुळे '४४० यार्ड, ५०.४ सेकंद' हे '४०० मीटर, ५०.४ सेकंद' असं छापलं की त्याच्यावर अन्याय होतो, त्याने २.३४ मीटर जास्त काढलेले असतात. आकडेवारीवाले ४४० वरून ४०० ला येताना ०.३ सेकंद वजा करतात, म्हणजे ५०.१. पण ती हाताच्या घड्याळाची वेळ. बंदुकीचा धूर दिसल्यावर अंगठा दाबला जातो, त्यात उशीर होतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना ४०० मीटरला ०.१४ आणि १००-२०० ला ०.२४ मिळवतात. ५०.१ अधिक ०.१४, म्हणजे सुमारे ५०.२४. हे गणित कार्यक्रमपत्रिकेत द्यावं, पाटीवर नको. पाटीवर मूळ अंतर आणि मूळ वेळच. शंभर यार्डाची वेळ शंभर मीटरमध्ये बदलायचा प्रयत्न तर करूच नये. उरलेले साडेआठ मीटर तो कसा पळाला असता हे कुणी सांगू शकत नाही.

जुन्या घड्याळांची एक खूण आहे. एखाद्या वर्षीच्या निकालात सगळ्या वेळा .०, .२, .४, .६, .८ अशाच संपत असतील तर घड्याळ एक-पंचमांश सेकंदाचं होतं. तेव्हा '५०.४' आणि '५०.५' अशा दोन नोंदी दोन स्रोतांत दिसल्या तर त्या वर्षी ५०.५ येऊच शकत नाही; ती छपाईची किंवा आठवणीची चूक. हीटची वेळ आणि फायनलची वेळ हीही वेगळी बघावी. लांब उडी फूट-इंचांत असेल तर एक फूट ०.३०४८ मीटर धरून बदलता येते: २२ फूट ६ इंच म्हणजे ६.८५८, आणि उडीत अर्धवट सेंटिमीटर खाली सोडतात, म्हणून ६.८५. रिलेमध्ये चौघांची नावं शोधावीत. अहवालात अनेकदा फक्त 'आमचा संघ पहिला' असतं, पण बाकीच्या तिघांपैकी कुणी हयात असेल तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. हवाई दलाकडून तीच जागा कोर्समेटची, म्हणजे प्रशिक्षणाच्या एकाच तुकडीतल्या सोबत्याची. घरच्यांना माहीत नसलेल्या गोष्टी कोर्समेटला माहीत असतात.

घरच्यांशी बोलताना आधी पत्र, मग फोन, मग भेट. भेटीत काकूंना किंवा वहिनींना 'तो शेवटचा दिवस' विचारू नये. मैदानाबद्दल विचारावं; त्याबद्दल त्यांना फारसं कुणी विचारलेलं नसतं. फ्लाइंग लॉगबुक घरी असेल तर ते जागेवरच, त्यांच्यासमोर स्कॅन करावं, निदान ३०० डीपीआय, फोटो ६००. मूळ वस्तू कॉलेजात आणू नयेत. लॉगबुकला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेट करू नये. मुंबईच्या दमटपणात काचेला टेकलेला फोटो दोन पावसाळ्यांत काचेलाच चिकटतो, त्यामुळे फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यात जाड कागदाची चौकट हवी. कातडी स्पाइक्सवर बुरशी असेल तर कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडावी, तेल लावू नये. वीर चक्र आणि महावीर चक्र चांदीचे असतात. काळे पडले तरी पॉलिश करू नये, दर वेळी थोडी चांदी आणि कोरीव काम जातं. कॉलेजात प्रदर्शनाला फोटो ठेवावा. फितीचे रंग तरी बरोबर यावेत: परमवीर चक्राची जांभळी, महावीर चक्राची अर्धी पांढरी-अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी-अर्धी केशरी.

पाटी

पितळ नको. मरीन लाइन्स, चर्नी रोड, माहीम, समुद्राच्या अंगाला असलेल्या कुठल्याही इमारतीत खाऱ्या हवेने पितळ काही महिन्यांत काळं-हिरवं पडतं. मग शिपाई दर पंधरवड्याला ब्रासो घासतो, आणि दहा वर्षांत अक्षरं बुजतात. काळा ग्रॅनाइट घ्यावा, १८ मिलिमीटर जाड, ६० बाय ४५ सेंटिमीटर. वजन साधारण १३ किलो होतं. अक्षरं दोन-तीन मिलिमीटर खोल कोरलेली हवीत. नुसती लेझरने पांढरी केलेली अक्षरं समोरून दिसतात, बाजूने नाहीत. १८ मिलिमीटर उंचीच्या अक्षराला देवनागरीत वर-खालच्या मात्रांसह ३२ मिलिमीटरची ओळ लागते. समास आणि खालची कोरी जागा सोडून नऊ ओळी बसतात, ओळीत तीस-बत्तीस अक्षरं. म्हणजे साठ शब्द. त्याहून जास्त मजकूर असेल तर पाटी मोठी करू नका, मजकूर कापा.

क्रम असा ठेवावा: पूर्ण नाव, विशेषणाशिवाय. कॉलेजातली वर्षं. शर्यत, पातळी, साल, वेळ. मग हुद्दा, सेवा क्रमांक, दल, स्क्वाड्रन. विमान, ठिकाण, तारीख. पदक असल्यास पदक. पाटी कुणी बसवली, उद्घाटन कुणाच्या हस्ते, हे खाली नको. ते फायलीत राहू द्या. या मुद्द्यावर विश्वस्त मंडळात वाद होतो. वाद घालावा.

कोरणाऱ्याकडे मजकूर वर्ड फाइलमध्ये पाठवला की हमखास घोटाळा होतो. त्याच्या यंत्रावर जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट असतो. 'फ्लाइट'मधला 'फ्ल' सुटा होतो, 'स्क्वाड्रन'मधला 'ड्र' तुटतो, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर केलेली पीडीएफ द्यावी, आणि दगडावर चढवण्याआधी कागदावर पूर्ण आकाराची प्रत काढून दोन माणसांनी वेगवेगळी वाचावी. त्यातला एक जण या प्रकरणाशी संबंध नसलेला असावा. माहीत असलेला माणूस चूक वाचतच नाही.

बसवताना चारही भोकं कडेपासून पाच सेंटिमीटर आत, नाहीतर कोपरा तडकतो. खिळे-स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. साधा लोखंडी स्क्रू लावला की पहिल्याच पावसाळ्यात दगडावर तांबडा ओघळ येतो, आणि ग्रॅनाइटवरून तो निघता निघत नाही. स्क्रू गिलाव्यात अडकून चालणार नाही, त्यामागच्या विटेत किंवा दगडात पाच-सहा सेंटिमीटर गेला पाहिजे. भिंतीला ओल येत असेल तर ती जागा सोडा. दगड आणि भिंत यांच्यात एक सेंटिमीटर फट ठेवली तर मागे हवा खेळते. पाटीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. इमारत वारसा यादीत असेल तर भोक पाडण्याआधी परवानगी काढा.

अनावरणाला पाटीवर तिरंगा झाकू नये. ध्वजसंहितेत ते चालत नाही. ध्वज शेजारी स्वतंत्र, मानाने लावावा आणि पाटीवर साधं एकरंगी कापड टाकावं. हवाई दलाचं बोधचिन्हही परवानगीशिवाय कोरू नये. एनसीसी एअर विंगचे छात्र कॉलेजात असतील तर पुष्पचक्राची जबाबदारी त्यांना द्या. भाषणं दोनच. एक कोर्समेटचं, एक मैदानावरच्या सोबत्याचं.

स्मृती-शर्यत

पाटीपेक्षा मला शर्यत जास्त मोलाची वाटते. तो ज्या अंतराचा धावपटू होता तीच शर्यत ठेवावी, ट्रॅकवर. ४४० यार्डवाल्यासाठी ४०० मीटर, रिलेवाल्यासाठी रिले. टी-शर्ट वाटून पाच किलोमीटर चालण्याचे कार्यक्रम शहरात खूप होतात. त्याच्या नावाने तरी घड्याळ लावून, लेनमध्ये, स्पाइक्स घालून मुलं पळावीत.

तारखेचा पेच येतो. १९७१ वाल्यांचा स्मृतिदिन डिसेंबरात, मुंबईच्या ॲथलेटिक्स हंगामातच पडतो, ते सोपं. १९६५ चा सप्टेंबर म्हणजे पाऊस. मैदान चिखलाचं, सिंथेटिक ट्रॅकवर पाणी आणि परीक्षाही तोंडावर. कारगिल मे ते जुलै, म्हणजे सुट्टी आणि मग पुन्हा पाऊस. अशा वेळी स्मृतिदिनाला जिमखान्यात पुष्पचक्र, आणि शर्यत डिसेंबरच्या वार्षिक स्पर्धेत. ८ ऑक्टोबरचा हवाई दल दिन हा पर्याय सुचवला जातो, पण ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी ४०० मीटर पळवू नये. ठेवायचीच तर सकाळी आठच्या आत. कॉलेजला स्वतःचा ट्रॅक नसेल तर प्रियदर्शिनी पार्कसारखा ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक काही तासांसाठी मिळतो का ते दोन महिने आधी विचारावं. २०० मीटरच्या गवती मैदानावर आखलेल्या ट्रॅकवरही शर्यत घ्यावी, फक्त ती वेळ वेगळ्या रकान्यात लिहावी.

फिरत्या चषकाच्या लाकडी बैठकीचा हिशोब आधी करावा. धोबीतलावच्या दुकानांत बैठका तयार मिळतात. २० सेंटिमीटर व्यासाच्या बैठकीचा घेर सुमारे ६३ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरची पट्टी आणि एक सेंटिमीटर अंतर धरलं तर एका ओळीत दहा विजेते, दोन ओळींत वीस. एकविसाव्या वर्षी काय करायचं ते आज ठरवा, नाहीतर तेव्हाचे लोक जुन्या पट्ट्या काढून टाकतात. निधीही असाच. वर्षाला १२,००० रुपये खर्च असेल आणि ठेवीवर सहा टक्के मिळत असतील तर मुद्दल दोन लाख लागतं, आणि व्याजातला काही भाग परत मुद्दलात टाकला नाही तर दहा वर्षांत तोच खर्च भागत नाही. देणगीच्या पत्रात शर्यतीचं अंतर लिहून ठेवावं, म्हणजे पुढचा कुणी तिचं बॅडमिंटन करणार नाही.

विजेत्याला चषकाबरोबर एक छापील पान द्यावं: वैमानिकाचं नाव, त्याची वेळ मूळ अंतरासह, आणि खाली वर दिलेलं ४४० ते ४०० चं गणित. त्या पानाच्या तीन प्रती काढाव्यात. एक मुलाला, एक जिमखान्याच्या फायलीत, एक घरच्यांना टपालाने, शर्यत झाल्यापासून आठवड्याच्या आत.